लोहचुंबकाची पकड

ज्या घरांत लोखंडी कपाट आहे, त्या घरांतील मुलांनीं एक लहानसा प्रयोग आजच करून पाहावा. फ्रीजच्या दारावर कागद लावण्यासाठीं जे लहान चुंबक मिळतात, त्यांपैकीं एक घेऊन तो कपाटाच्या दारावर लावावा. मग तो सरळ आपल्याकडे ओढून काढण्याचा यत्न करावा. बरा चुंबक असेल तर नखें लावून जोर करावा लागेल. नंतर तोच चुंबक पुन्हां लावून एका बोटानें बाजूस ढकलावा. पुष्कळ कमी जोरानें तो घसरूं लागेल. आतां चुंबक आणि दार यांच्या मध्यें एक कागद, मग दोन, मग तीन असे कागद घालीत जावें. प्रत्येक कागदासरशी पकड ढिली होत जाऊन शेवटीं तो चुंबक कागदांसह आपोआप खालीं येईल. आमच्या आजच्या लेखाचा बहुतेक आशय या प्रयोगांत येऊन गेला. जो विद्यार्थी हा प्रयोग ध्यानांत ठेवील, त्याचा डोळा किंवा बोट पुढें कधीं तरी त्यामुळें वांचेल, असें आम्ही अतिशयोक्ति न करितां म्हणतों.

हा विषय आम्हांस सुचण्याचें कारण असें. 2023 सालच्या हिवाळ्यांत आम्ही दहावीच्या वर्गांतील मुलांस घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांतील एक लहान कारखाना पाहावयास गेलों होतों. या वस्तींत नाना प्रकारचीं यंत्रें चालविणारे लहानमोठे कारखाने दाटीनें वसले आहेत. आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी तेथें मुख्य कारागीर आहे. त्याच्या यंत्रापाशीं मुलें सर्वांत अधिक वेळ रेंगाळलीं. यंत्राच्या टेबलावर पोलादाचा एक तुकडा नुसता ठेविलेला दिसत होता. त्यास ना बोल्ट, ना व्हाइस, ना वरून दाबणारी पट्टी. कारागिरानें एक दांडा फिरविला आणि तो मुलांस म्हणाला, "आतां उचलून दाखवा." वर्गांतील सर्वांत दणकट मुलासही तो तुकडा तसूभर उचलतां येईना. मुलांनीं टाळ्या पिटल्या. कारागीर मात्र हंसला नाहीं. डाव्या भुंवईवरील जुना व्रण दाखवीत तो आम्हांस म्हणाला, "सर, नवा होतों तेव्हां मलाही असेंच वाटलें होतें." त्या व्रणाची हकीकत आम्ही पुढें सांगूं, ती नीट कळण्यास आधीं यंत्र कळलें पाहिजे.

या यंत्रास सरफेस ग्राइंडर असें नांव आहे. धातूच्या तुकड्याची एक बाजू अगदीं सपाट, गुळगुळीत आणि नेमक्या मापाची करणें, हें त्याचें काम. ज्या तुकड्यावर काम करावयाचें, त्यास कारखान्यांत सर्वत्र 'जॉब' म्हणतात. आम्हीही येथें तोच शब्द वापरतों. कठीण खड्यांचे बारीक कण एकत्र जडवून केलेलें एक चाक यंत्राच्या वरच्या भागीं वेगानें फिरत असतें, आणि जॉब घेऊन टेबल त्याच्या खालून पुढें-मागें जात असतें. चाकाचा व्यास 200 मिलिमीटर असून तें मिनिटास 2800 फेरे करीत असेल, तर त्याची कड सेकंदास सुमारें 29 मीटर, म्हणजे ताशीं सुमारें 105 किलोमीटर या वेगानें धांवते. एवढ्या वेगानें धांवणारें चाक एका खेपेस धातूचा जो थर काढतें, तो मात्र 0.01 अगर 0.02 मिलिमीटर इतकाच असतो. आपल्या डोक्याचा केंस याहून जाड असतो.

अशा कामांत जॉब धरावा कसा, हा मोठा प्रश्न आहे. चाकास जॉबच्या सबंध पाठीवरून फिरावयाचें असतें, म्हणून वरून पट्टी दाबून चालत नाहीं. पट्टी चाकाच्या वाटेंत येईल. दोन्ही बाजूंनीं व्हाइसमध्यें आवळला, तर पातळ जॉब वांकतो. तेव्हां ज्यास केवळ खालून धरतां येईल असा एखादा हात पाहिजे. तो हात लोहचुंबकानें दिला. 1820 सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनीं विजेच्या प्रवाहानें होकायंत्राची सुई हलते हें दाखविलें. 1825 सालीं इंग्लंडांतील विल्यम स्टर्जन यांनीं लोखंडाच्या नालाभोंवतीं तार गुंडाळून, सुमारें 200 ग्रॅम वजनाच्या चुंबकानें सुमारें 4 किलो वजन उचलून दाखविलें. त्याच शतकाच्या अखेरीस, 1896 च्या सुमारास, अमेरिकेंतील वूस्टर शहरीं ओ. एस. वॉकर यांनीं यंत्रावर बसविण्याचे चुंबकी चक बनविण्यास आरंभ केला. जॉब पकडणाऱ्या साधनास चक म्हणतात. तेव्हां मॅग्नेटिक चक म्हणजे चुंबकानें पकडणारें साधन. वीज न लागणारे, स्थायी चुंबकांचे चक पुढें आले. 1931 सालीं जपानांत मिशिमा यांनीं लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा प्रबळ स्थायी चुंबक शोधून काढला. या शोधानें तशा चकांस मोठेंच बळ मिळालें.

वरून पाहतां चक म्हणजे एक सपाट चौथरा. त्याच्या पाठीवर लोखंडाच्या पट्ट्या ओळीनें बसविलेल्या असतात आणि दर दोन पट्ट्यांमध्यें पितळेसारख्या, चुंबकास न जुमानणाऱ्या धातूची बारीक पट्टी असते. लोखंडाची एक पट्टी उत्तर ध्रुव, तर शेजारची दक्षिण ध्रुव, असा क्रम चालतो. चुंबकाच्या बलरेषा मळ्यांतील पाटाच्या पाण्यासारख्या वागतात असें मानावें. लोखंड हा त्यांचा सोपा पाट. पितळ आणि हवा हे बांध. जॉब चकावर ठेविला म्हणजे बलरेषा उत्तर ध्रुवांतून वर येतात, जॉबमधून वाट काढतात आणि दक्षिण ध्रुवांतून परत खालीं जातात. हें वर्तुळ जितकें सुलभ, तितकी पकड घट्ट. दांडा उलट फिरविला म्हणजे आंतील चुंबक नाहींसे होत नाहींत; ते थोडे सरकतात आणि बलरेषांचें वर्तुळ चकाच्या पोटांतच पुरें होतें. पाट आंतल्या आंत वळविला. वरचें शेत कोरडें राहिलें.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. चुंबक जॉबला खालीं ओढतो. पण चाक जॉबला वर उचलीत नाहीं. तें त्यास आडवें ढकलतें. या आडव्या ढकलण्यास तोंड देण्यासाठीं चुंबकापाशीं स्वतःचें असें फारसें बळ नाहीं. तें काम घर्षणाकडे येतें. ओल्या, तेलकट पोलादावर पोलाद सरकतांना घर्षणाचा विरोध हा दाबाच्या दशमांशापासून पंचमांशापर्यंत असतो, असें ढोबळ मानानें धरतां येईल. समजा, एका जॉबवर चुंबकाची ओढ 30 किलोची आहे. तो वर उचलण्यास 30 किलोचा जोर लागेल. कोणा मुलास तो हातानें उचलतां येणार नाहीं. परंतु आडवा सरकविण्यास 3 ते 6 किलोचा जोर पुरतो! कपाटावरील चुंबक ओढून निघत नव्हता, पण बोटानें सरकत होता, त्याचें मर्म हेंच.

जॉब उंच असेल तर संकट दुहेरी होतें. वरीलच जॉबचा तळ 20 मिलिमीटर चौरस आणि उंची 60 मिलिमीटर आहे असें धरा. चाकाचा धक्का माथ्यावर बसतो. म्हणून ती उंची एखाद्या पहारीसारखी काम करिते. गणित सोपें आहे. ओढ 30 किलो, आणि तळाच्या कडेपासून मध्यापर्यंत अंतर 10 मिलिमीटर. यांचा गुणाकार 300. माथ्यावरील धक्क्याचें अंतर 60. तेव्हां 300 भागिले 60, म्हणजे 5 किलोचा धक्का बसतांच जॉब उलथण्याच्या बेतास येतो. हाच जॉब 20 मिलिमीटर उंचीचा असता, तर उलथण्यास 15 किलो लागले असते. नववीच्या मुलांनीं हें गणित वहींत करून पाहावें.

आतां त्या व्रणाची हकीकत. आमचा हा विद्यार्थी शिकाऊ उमेदवार म्हणून दुसऱ्या एका कारखान्यांत लागला होता. एके दिवशीं संध्याकाळीं, काम संपविण्याच्या घाईंत, त्याच्या हातीं असाच एक उंच आणि अरुंद बुडाचा जॉब आला. त्यानें तो चकावर उभा केला, दांडा फिरविला, वर ओढून पाहिला आणि घट्ट आहे असें समजून यंत्र चालू केलें. चाक टेंकलें, जॉब किंचित् कलला, कलतांच त्याचा कोपरा चाकाखालीं सांपडला, आणि पुढें काय झालें तें डोळ्यांस दिसलेंच नाहीं. चाक फुटलें. एक तुकडा त्याच्या भुंवईवर बसला. आणखी बोटभर खालीं बसता तर डोळा गेला असता. "सर," तो म्हणाला, "त्या दिवशीं मीं जॉब वर ओढून पाहिला होता. बाजूला ढकलून पाहिला नव्हता."

या एका वाक्यासाठीं ती सहल सार्थकीं लागली असें आम्हांस वाटतें. परीक्षा घ्यावयाची ती ज्या दिशेनें संकट येणार त्या दिशेनेंच घेतली पाहिजे. चाक फिरूं लागण्यापूर्वीं जॉबला हातानें आडवें ढकलून पाहावें. उचलून पाहण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

आणि ढकलून पाहणेंही पुरेसें नाहीं. उंच किंवा लहान जॉबला आधार द्यावयाचा असतो. पोलादाचे सपाट ठोकळे जॉबच्या बाजूंस टेंकवून चकावर ठेवतात. प्रथम ज्या बाजूस चाक जॉबला ढकलतें त्या बाजूस, मग समोरच्या बाजूस, आणि गरजेप्रमाणें चारही बाजूंस. हे ठोकळे जॉबहून थोडे ठेंगणे असावेत, म्हणजे चाक त्यांस लागत नाहीं. मात्र इतकेही ठेंगणे नसावेत कीं जॉब त्यांच्या माथ्यावरून उलथेल. त्यांचें स्वतःचें बूड रुंद असावें. कारण ज्याचा पाय स्वतःच डळमळीत, तो दुसऱ्यास काय आधार देणार? गर्दींत लहान मुलास मध्यें घेऊन वडील माणसें सभोंवार उभीं राहतात, तसाच हा प्रकार आहे.

कागदाच्या प्रयोगाचा दुसरा धडा स्वच्छतेचा. जॉब आणि चक यांच्यामध्यें अगदीं बारीक फट राहिली तरी बलरेषांच्या वाटेंत हवेचा बांध पडतो आणि ओढ झपाट्यानें उतरते. ही फट पडते कशानें? मागल्या कामाच्या चुऱ्यानें, एखाद्या खड्याच्या कणानें, किंवा जॉबच्या कडेस राहिलेल्या धारेनें, जीस कारखान्यांत 'बर' म्हणतात. म्हणून जॉबच्या कडांवरून आधीं कानस फिरवावी, चक पुसून घ्यावा, आणि शेवटीं चुंबक बंद व चाक थांबलेलें असतांना चकाच्या पाठीवरून तळहात हलकेच फिरवावा. डोळ्यांस न दिसणारा कण तळहातास लागतो. आमच्या कारागिराचा हा नेम आहे कीं कितीही घाई असली तरी तळहात फिरविल्यावांचून तो जॉब ठेवीत नाहीं.

तिसरी गोष्ट जागेची. जॉब एकाच पट्टीवर बसला तर बलरेषांचें वर्तुळ त्याच्यांतून पुरें होत नाहीं. निदान एक उत्तर आणि एक दक्षिण अशा दोन ध्रुवांवर त्याचे पाय पडलेच पाहिजेत. अधिक पट्ट्यांवर पडले तर उत्तमच. लांबट जॉब पट्ट्यांच्या दिशेनें न ठेवितां पट्ट्यांस आडवा ठेवावा, तो याचसाठीं. पातळ जॉबला बारीक पट्ट्यांचा चक चांगला, जाड जॉबला रुंद पट्ट्यांचा. कारण रुंद पट्टींतून येणारा मोठा पाट पातळ पत्र्यांत मावत नाहीं.

चौथी गोष्ट धातूची. मऊ पोलाद चुंबकास सर्वांत चांगलें वश होतें. बीड आणि पाणी दिलेलें कठीण पोलाद त्याहून कमी. पितळ, तांबें, ॲल्युमिनियम हे चुंबकास मुळींच दाद देत नाहींत, आणि स्वयंपाकघरांतील बहुतेक भांडीं ज्या जातीच्या स्टेनलेस स्टीलचीं असतात, तीही जवळ जवळ तशीच. असा जॉब आला म्हणजे त्यास पोलादी व्हाइसमध्यें धरून ती व्हाइस चकावर बसवितात, किंवा पोलादी ठोकळ्यांनीं त्यास चहूंकडून कोंडतात.

येथवर पकड ढिली राहिल्यानें होणाऱ्या हानीविषयीं लिहिलें. परंतु पकड फार घट्ट झाल्यानेंही हानि होते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, एक पातळ पट्टी धनुष्यासारखी किंचित् वांकलेली आहे आणि ती सपाट करावयाची आहे. ती चकावर ठेवून पूर्ण ओढ लावली, तर चुंबक तिला दाबून सपाट करील. चाक फिरेल, पाठ आरशासारखी दिसेल, आणि कारागीर संतोष पावेल. पण ओढ सोडतांच पट्टी पुन्हां धनुष्य होईल! चुंबकाच्या धाकानें ती सपाट दिसत होती; सपाट झाली नव्हती. यावर उपाय असा कीं, पट्टीची पोकळ बाजू खालीं ठेवावी, पोकळींत कागदाच्या किंवा पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून ती नेमकी भरून काढावी, ओढ कमी करतां येत असेल तर बेताची ठेवावी, थर अगदीं थोडा काढावा, आणि एक बाजू सपाट झाली म्हणजे पालटून दुसरी करावी. असें चार-सहा वेळां पालटीत गेलें म्हणजे पट्टी खरोखर सरळ होते. वेळ लागतो, पण त्यास इलाज नाहीं. आम्हां शिक्षकांसही या पट्टीकडून कांहीं शिकण्यासारखें आहे. दाबून सरळ दिसणारा आणि आंतून सरळ झालेला, यांतील भेद वर्गाचें दार उघडलें म्हणजेच कळतो.

आणखी एक सूचना विजेविषयीं. विजेनें चालणाऱ्या साध्या चकाची वीज मध्येंच गेली तर पकडही जाते; चाक मात्र आपल्या वेगानें कांहीं काळ फिरतच राहतें. यासाठीं वीज जातांच टेबल थांबविण्याची योजना यंत्रास असावी लागते. स्थायी चुंबकाच्या चकास ही भीति नाहीं. अलीकडे असेही चक मिळतात कीं त्यांस पकडण्यापुरता आणि सोडण्यापुरता विजेचा क्षणिक झटका लागतो, आणि मध्यंतरीं वीज गेली तरी पकड कायम राहते. काम झाल्यावर चाक पूर्ण थांबल्यावांचून जॉबकडे हात नेऊं नये, हें सांगावयास नकोच. तसेंच छातींत हृदयाचें यंत्र, ज्यास पेसमेकर म्हणतात, तें बसविलेल्या मनुष्यानें अशा प्रबळ चुंबकांपासून दूर राहावें.

सहलीहून परत आल्यावर एका विद्यार्थ्याची आई आम्हांस भेटावयास आली. मुलानें घरीं त्या व्रणाची गोष्ट सांगितली होती. त्यास दहावीनंतर आयटीआयमध्यें जावयाचें आहे. ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. पाठवूं कीं नको? भीति वाटते." मातेच्या भीतीस हंसणें हें आमच्या स्वभावांत नाहीं, आणि यंत्र निरुपद्रवी आहे असें खोटें आश्वासनही आम्हांस देतां येईना. आम्हीं तिला इतकेंच सांगितलें: "बाई, जरूर पाठवा; पण जेथें पाठवाल तें ठिकाण आधीं डोळ्यांनीं पाहून या. चाकावर पोलादी झांकण आहे का, मुलांच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, आधाराचे ठोकळे यंत्राजवळ हाताशीं ठेविलेले आहेत कीं कोपऱ्यांत धूळ खात पडले आहेत, तें पाहा. चाकाच्या रेषेंत कोणी उभें राहत नाहीं ना, तेंही पाहा. आणि तेथील वडील कारागिरास विचारा, 'जॉब घट्ट बसला हें तुम्ही कसें पाहतां?' तो म्हणाला, 'उचलून,' तर मुलास दुसरीकडे पाठवा. तो म्हणाला, 'ढकलून, आणि ठोकळे लावून,' तर त्याच्या हातीं मुलगा निर्धास्त सोंपवा."

हाच प्रश्न आम्ही आमच्या सर्व पालकांच्या हातीं देतों. मुलांस आमचें सांगणें एवढेंच कीं, कपाटावरचा प्रयोग आज रात्रीं करून पाहा, वडील मंडळींस दाखवा, आणि चुंबक बोटानें सरकूं लागला म्हणजे त्या भुंवईवरील व्रणाची आठवण ठेवा.